‘रिती’वरचा गंधार

५ नोव्हेंबर १९९४, नांदेड. भाऊबीज.

दादाला ओवाळलं. त्याच्या उजव्या अंगाला बसूनच बोलावं लागतं. डावा कान लहानपणीच्या गोवराने नेला, आणि आता उजव्याच्या आत गाठ. हैदराबादचे डॉक्टर म्हणतात काढलीच पाहिजे. संक्रांतीनंतर ऑपरेशन. ऐकू राहील ना, असं विचारल्यावर त्यांनी दादाला ‘चहा घेणार का’ म्हणून विचारलं. वैद्यकीच्या अभ्यासक्रमात सरळ उत्तर देण्याचा धडा नसावा.

ताटात ओवाळणी नाही. “यंदा ओवाळणी तू घालायची, शरू.” काय हवं, तर ‘ओंजळीत ठरेना पाणी’. त्या गाण्याची सगळी ध्वनिमुद्रणं एकदा ओळीने ऐकायची, त्यातलं एक पक्कं करायचं आणि ते मनात घेऊन टेबलावर झोपायचं. तीन माझ्याकडे आहेत. त्याला चौथं हवं आहे. बाईंनी (मूळ गायिकेला आमच्या घरात नुसतं ‘बाई’ म्हणतात) म्हातारपणी रेडिओवर एकदाच गायलेलं, नुसत्या तंबोऱ्या-तबल्यावर.

ते आम्ही दोघांनी याच घरात, एकाच रेडिओपुढे बसून ऐकलं आणि तेव्हापासून भांडतो आहोत. शेवटच्या कडव्यात ‘रित्या ओंजळीस माझ्या कुणी ग म्हणावे रिती’. त्या अखेरच्या ‘रिती’वर दादाच्या मते शुद्ध गंधार होता. माझ्या मते कोमल. तबकडीवर कोमलच आहे आणि बाई ऐनवेळी मन बदलणाऱ्यांपैकी नव्हत्या.

“कोमल लावला असता तर ती रडली असती. ती हसून राहिली होती, शरू. मी ऐकलंय.”

वहिनी : “तुमच्या गंधारापायी श्रीखंडाला पाणी सुटलंय. जेवा आधी.”

भांडायला अजून एक कान शिल्लक आहे. देवाचे आभार मानायला मला सहसा जड जातं. आज मानले.

८ नोव्हें., लातूर

कॉलेजात पहाटेची बॅच. नांदेड, उदगीर, पार बीडकडची मुलं, स्वेटरच्या बाह्यांत हात ओढून बसलेली. अर्ध्या लातुराने घरातल्या वरच्या खोल्या या मुलांना दिल्या आहेत आणि उरलेल्या अर्ध्याने खालच्या खोल्यांत क्लास काढले आहेत. मलाही पुन्हा विचारणा झाली. पुन्हा नकार. कॉलेजात मी संपूर्ण शिकवते. घरी नेऊन विकण्यासारखं मागे काही ठेवत नाही.

दुपारी तिन्ही ध्वनिमुद्रणं ऐकली. निकाल :

तबकडी. बाईंचा ऐन उमेदीचा आवाज. ‘ओंजळीत ठरेना पाणी, सये ग, ठरेना पाणी, नदीचे नदीस गेले, बोटांवर उरे निशाणी.’ ‘निशाणी’वरची मुरकी अजून कुणाला जमलेली नाही. पण तबकडीत जागा थोडी, तेव्हा शेवटचं कडवं गाडी सुटत असल्यासारखं उरकलं आहे. ‘रिती’वर कोमल गंधार लागतो न लागतो तोच गाणं संपतं.

सिनेमातलं. दुसरी गायिका, मागे व्हायोलिनांची पलटण. एकही चूक नाही. एकही कारण नाही.

कॅसेटवरचं. अलीकडचा कुणी तरुण. आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमवला आहे. शेवटचं कडवंच गाळलं आहे. यावर अधिक लिहिणार नाही.

१८ नोव्हें.

रेडिओकडून उत्तर. त्या कार्यक्रमाची टेप जपलेली नाही. पत्र नम्र आहे आणि शुद्धलेखन बरं आहे. एवढंच.

२६ नोव्हें.

स्नेहसंमेलनासाठी गाणाऱ्यांची निवड. परीक्षक मी. सकाळभर सिनेमातली गाणी, सिनेमातल्यापेक्षा जलद.

मग बारावीची एक मुलगी, वनिता सूर्यवंशी. ‘ओंजळीत ठरेना पाणी’. मी पेन खाली ठेवलं. सूर दोनदा ढळला, श्वास भलत्या जागी तुटला, पण लय! इतकी संथ लय तबकडीवर नाही, सिनेमात नाही. या लयीत हे गाणं एकदाच, रेडिओवर लागलं होतं.

बोलावून घेतलं. “ही लय कुठून आणलीस?”

“आमचे अण्णा असंच म्हणतात, मॅडम.”

“त्यांनी कुठे ऐकलं?”

“रेडिओवरून टेप केलं होतं त्यांनी. मी लहान होते.”

“टेप आहे?”

मग कळलं : औशापलीकडचं गाव. गेल्या वर्षीच्या भूकंपाच्या पहाटे घर बसलं, आई गेली. वडील शाळामास्तर, ते पत्र्याच्या शेडमध्ये. ही इथे वसतिगृहात. वर्षभर माझ्यासमोर तिसऱ्या बाकावर बसते आणि मला यातलं काही माहीत नव्हतं. मला तिचे गुण माहीत होते.

निवडीत तिला तिसरी ठेवली. सूर ढळला होता, त्याला इलाज नाही.

४ डिसें., रविवार

वनिताबरोबर एस.टी.ने तिच्या वडिलांकडे. शेडच्या दोन्ही बाजूंना तशाच शेडांच्या रांगा. पत्र्यावर खडूने नावं लिहिलेली. सूर्यवंशी मास्तरांचं अक्षर दुरून ओळखू येतं, वळणदार, फळ्यावरचं.

त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः पत्र्याच्या पेटीवर बसले. गाण्याचं विचारलं तसे उजळले. “लई दिवसांनी कुणी इचारलं. मशीन रेडिओच्या तोंडाशी ठेवलं, दार लावलं, घरात समद्यांला सांगितलं, कुणी बोलायचं न्हाई. तरी आमच्या घरचा आवाज आलाच त्यात. लई बोललो मी तवा.” मग म्हणाले, “कॅसेटची मागची पाकळी मोडून ठेवली होती, मॅडम. कुणी वरून भरू नये म्हणून.”

मी म्हटलं, घरचा आवाज असला तरी चालेल, गंधार ऐकू आला म्हणजे झालं. कोणता गंधार, असं त्यांनी विचारलं नाही.

कॅसेट कुठे आहे? मशीन आणि कॅसेटी ढिगाऱ्यातून निघाल्या त्या याच पेटीत. “वनी परत कालेजात चालली तवा सगळं तिला दिलं. अभ्यासाला.”

वनिता चहाची बशी धरून उभी होती. “अण्णा, मी सगळ्यांवर लेक्चरं भरली.” आवाज अगदी बारीक. पेटीत पाणी शिरून लेबलं गेली होती. भूकंपात मोडलेला हात प्लास्टरमध्ये, लिहिता येत नव्हतं, म्हणून ती वर्गात मशीन लावायची. मोडलेल्या पाकळीच्या भोकावर कागद चिकटवला. सगळी मुलं चिकटवतात.

“कोणाची लेक्चरं?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“तुमची, मॅडम. केमिस्ट्रीची.”

मास्तरांनी पोरीच्या हातातली बशी काढून घेतली. “अभ्यासच भरला न्हवं? मग फिकर कशाची.” ते म्हणाले आणि बाहेर जाऊन शेळीला पाणी दाखवून आले.

परतीच्या एस.टी.त आठवलं. मुलं माझी लेक्चरं टेप करतात, हे मी गेल्या दिवाळीत दादाला अभिमानाने सांगितलं होतं.

६ डिसें.

वनिताने कॅसेटी आणून दिल्या. प्रत्येकीवर तिचं नवं लेबल, ‘शरयू मॅडम, ऑरगॅनिक’. बॅचनंतर खोलीचं दार लावून ऐकते आहे.

स्वतःचा आवाज ऐकण्याची शिक्षा कुणाला देऊ नये. स्पष्ट आहे, मान्य. पण ‘समजलं?’ विचारून मी उत्तरासाठी थांबत नाही. एकदाही नाही.

गाणं नाही. तासभर मी, मग खरखर.

७ डिसें.

दुसरीवरही मीच.

८ डिसें.

शेवटची कॅसेट. आयसोमेरिझम. “सेम फॉर्म्युला, डिफरंट स्ट्रक्चर,” मी सांगते आहे. खडूचा आवाज. मग खालून एक घरघर, लांबून ट्रक आल्यासारखी, आणि बाक वाजू लागतात. मुलं ओरडतात. गेल्या वर्षीचा तो धक्का! भूकंपानंतर असे किती आले. हा दिवस मी विसरूनही गेले होते. टेपवर माझा आवाज, मलाच अनोळखी : “कुणीही धावायचं नाही. आहात तिथे उभे राहा. धावू नका!”

खट्.

आणि तंबोरा.

बाई शेवटच्या कडव्याच्या उंबऱ्यावर होत्या. म्हातारा, कडा झिजलेला आवाज, कशाचीही घाई नसलेला. ‘रित्या ओंजळीस माझ्या’ एकदा. परत. ‘कुणी ग म्हणावे’, इथे त्या थांबल्या, तबला वाट बघत राहिला. मी श्वास धरला. आणि ऐन ‘रिती’वर, अगदी मशीनजवळून, एका बाईचा खणखणीत आवाज :

“अवो, दूध उतू चाललंय! तुमचं गाणं व्हायचंय का अजून?”

“श्श्श!” मास्तर.

आणि ती बाई हसते. तोंडावर पदर धरून हसावं तशी. हसू संपतं तेव्हा गाणंही संपलेलं असतं.

पुन्हा पुन्हा ऐकलं. ‘रि’ येतो. ‘ती’ दुधाखाली. गंधार कोणता, ते कळत नाही. कळणारही नाही.

पहिल्यांदा संताप आला, हे इथे लिहून ठेवते. मग मास्तरांचं वाक्य आठवलं : आमच्या घरचा आवाज.

कॅसेट थांबवली. स्वयंपाकघरात गेले आणि उगीचच गॅस बंद आहे ना ते पाहिलं.

९ डिसें.

पोरीला आधी सांगावं की बापाला? तिसऱ्या बाकावर ती लिहीत होती. हात आता बरा आहे. मी दोनदा फळ्याकडे पाठ केली आणि दोनदा पुन्हा फळ्याकडे वळले. मुलांनी हे ओळखलं असणार. मुलं सगळं ओळखतात, समीकरणं सोडून.

ठरवलं : दोघांना एकत्र. त्यांच्याच घरी.

११ डिसें., रविवार

मशीन पेटीवर ठेवलं. मास्तरांना म्हटलं, थोडं शिल्लक आहे. शेवटचं कडवं, आणि घरचा आवाज.

ते एकदम उठले. “नको.” मग बसले. मग म्हणाले, “लावा.”

माझं लेक्चर मुद्दाम वगळलं, तंबोऱ्यापासून लावलं. वनिता दारात. बाई गायल्या. दुधाची हाक आली. मास्तरांनी डोळे मिटले आणि ‘श्श्श’ यायच्या आधीच त्यांचे ओठ ‘श्श्श’सारखे झाले.

मग मास्तर : “खरंच उतू गेलं होतं. म्हशीचं, साईचं दूध. समदी चूल भरली. म्हनली, तुमच्या गाण्यानं माझा खवा नेला.” हसले. हसता हसता त्यांना ते आवरेना.

वनिता जवळ येऊन मशीनपाशी बसली. “आईचा आवाज असा होता?” म्हणाली. “मला जाडा आठवून राहिला होता, अण्णा. असा पातळ होता?”

“पातळच. लांबवर जायचा. शेतातून हाक मारली की मी शाळंत ऐकायचो.”

तिने पुन्हा लावलं. पुन्हा. शेजारच्या शेडमधल्या बाया गोळा झाल्या. त्यांतली एक म्हणाली, “अगं बया, सुमन हाय ही!” आणि तशीच बाकीच्यांना बोलवायला पळाली. नंतरचं लिहिता येणार नाही. गावातल्या इतक्या गेलेल्या माणसांतून एकीचा आवाज परत आला होता आणि सगळ्यांना तो आपापल्या घरचा वाटत होता.

निघताना मास्तर : “तुमचं काम झालं का, मॅडम? तो गंधार?”

“नाही. ऐन त्या जागी...”

“अरारा.” त्यांना खरंच वाईट वाटलं. “तिला जागा म्हणून कवा कळलीच न्हाई बघा.”

मी त्यांना नमस्कार केला. वाकून. असा नमस्कार मी पीएच.डी.च्या मार्गदर्शकांनाही केला नव्हता.

१७ डिसें.

प्रती करायच्या. एक मास्तरांना, एक दादाला; मूळ कॅसेट वनिताची. मी वनिताला म्हटलं, आधीचं माझं लेक्चर काढून टाकते, स्वच्छ तंबोऱ्यापासून सुरू करू.

“नको, मॅडम. तुमचं राहू द्या.”

“कशासाठी? आयसोमेरिझम तुला पाठ आहे.”

“त्या दिवशी हादरलं तेव्हा मी पळणारच होते. मशीन बाकावर सोडून. तुम्ही ओरडलात, धावू नका. मग मी उभी राहिले. उभी होते म्हणून डाव्या हाताने बटण बंद केलं. पळाले असते तर मशीन तसंच चालू राहिलं असतं. सगळं पुसलं गेलं असतं.”

“मग पुढचं गाणं तुला वर्षभर कसं कळलं नाही?”

“घरघर यायच्या आधीच मी थांबवायची. तेवढं ऐकू नये वाटायचं.”

यातून अर्थ काढणारे लोक मला आवडत नाहीत. धरणीला कुणाच्या कॅसेटची पर्वा नसते. तिने घेतलं ते अफाट आहे आणि ठेवलं ते अपघाताने. तरी लिहून ठेवते : आयुष्यभर मी मुलांवर ओरडले, त्यातलं एक ओरडणं उपयोगी पडलं. त्याबद्दल ऋणी आहे. कुणाची, ते नक्की करता येत नाही.

लेक्चर ठेवलं. संपूर्ण.

१५ जानेवारी १९९५, नांदेड

कालची संक्रांत दादाकडे. विष्णुपुरी धरणाच्या कामावरचे त्याचे जुने सहकारी तिळगूळ घेऊन आले. दादा सगळ्यांना उजवीकडे बसवत होता, शेवटी भिंत लागली.

आज ओवाळणी. तबकडी, सिनेमा, कॅसेट, सगळं ओळीने. कान मशीनच्या जाळीला टेकवून. तबकडीवर मान डोलावली. सिनेमाला म्हणाला, “इस्त्री.” त्या तरुणाला म्हणाला, “ह्याला विहिरीतून काढा कुणीतरी.” आमची मतं इतकी जुळल्याचं मला आठवत नाही.

मग चौथं. माझं लेक्चर सुरू झालं तसा तो खदखदून हसला. “हे कोण भांडून राहिलंय?” मग घरघर. मग मी ओरडले. त्याचं हसू गेलं. मग बाई.

‘दूध उतू चाललंय’ला तो दचकला, मागे सरला, पुन्हा कान टेकवला. पुन्हा लावायला लावलं. त्यानंतर पुन्हा. मी सगळं सांगितलं. मास्तर, सुमनबाई, वनिता.

“शुद्ध आहे,” दादा म्हणाला.

“ऐकू येत नाही, दादा. तिथे तर ती बोलते आहे.”

“बाईंचा ऐकू येत नाही. ती सुमन कशावर हसली ते ऐक ना. शुद्धावरच हसलीय.”

“हे शास्त्र नव्हे.”

“नसू दे.” त्याने कॅसेट काढून शर्टाच्या खिशात ठेवली. वरून खिसा थोपटला. “ओवाळणी पोचली.”

वहिनी : “आता तरी भांडण मिटलं का?”

दोघांनी एकदम नाही म्हटलं.

२० जाने., हैदराबाद

काल ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली. कानाविषयी डॉक्टर म्हणतात, पट्टी सुटल्यावर बघू. या वेळी चहा मध्ये आला नाही.

दादाच्या डोक्याभोवती पांढरं मुंडासं. आत काही ऐकू येत नाही, म्हणून आम्ही पाटीवर लिहितो. वहिनी लिहिते, ‘दुखतंय का?’ तो लिहितो, ‘अक्षर सुधार.’

आत नेण्यापूर्वी त्याने मला वाकायला सांगितलं होतं. “पट्टी सुटली की पहिलं तू बोलायचं. बोलायचं नाही, म्हणायचं. ‘कुणी ग म्हणावे रिती.’ कानाशी. गंधार कोणता लावणार ते आधी सांगू नकोस. मी सांगतो कोणता लागला.”

सकाळी पट्टी सुटेल.

वनिताचं कार्ड आलं आहे, नांदेडच्या पत्त्यावरून फिरत. सराव परीक्षेचे गुण कळवले आहेत (बरे, आणखी बरे हवेत) आणि खाली : ‘मशीन आता अण्णांकडे आहे, ते रोज संध्याकाळी शेडमध्ये कॅसेट लावतात. सगळे तुमचं लेक्चरपण ऐकतात.’ औशाच्या पलीकडे आता पत्र्याच्या शेडांत आयसोमेरिझम कळू लागला असेल. समजलं का, असं विचारून मी थांबले नव्हते. आता तिथे कुणीतरी उत्तर देत असेल.

कोणता लावावा? शुद्ध लावला तर त्याला वाटेल मी हरले. कोमल लावला तर मी बाईंशी प्रामाणिक राहीन, पण त्यांनी काय गायलं ते मला आता खरोखर माहीत नाही. आणि त्याला ऐकूच आलं नाही, तर मी कोणता लावला ते या जगात कुणालाही कळणार नाही. तरीही तो सुरात लागला पाहिजे.

वहिनीला सकाळसाठी गरम पाणी थर्मासमध्ये भरून ठेवायला सांगितलं आहे. गळा स्वच्छ हवा.